पांढरी स्कुटी निंबाखाली

मी नाव घातलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण वर्षभर मी स्वतःला हेच सांगत आले आहे, आणि आता त्यावर माझाच विश्वास राहिलेला नाही.

मी छबू. श्रीगोंद्यापासून दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव आहे, तिथं मला लहानमोठे सगळे आत्या म्हणतात. नवरा लग्नाच्या चौथ्या वर्षी गेला, मी माहेरी परत आले आणि एकतीस वर्षं गावातली अंगणवाडी चालवली. पस्तिशीच्या आतलं असं एक माणूस गावात नसेल ज्याचं नाक मी पुसलेलं नाही. त्यामुळे मला बोलायची कुणाची छाती नव्हती, आणि मी मात्र सगळ्यांना बोलत होते. कुणाची चाल, कुणाचं जेवण, कुणाच्या सुनेची झोप, काही म्हणून सोडलं नाही. लोक हसायचे. मला वाटायचं, आपण गावाला हसवतो म्हणजे गावावर उपकारच करतो.

दुसरी गोष्ट गाण्यांची. नागपंचमीला दुपारी मारुतीच्या देवळापुढं बायकांचा फेर धरतात. हातात हात घालून गोल फिरायचं, पुढचीनं एक ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. आमच्या गावात ती पुढची म्हणजे मी. माझ्या आधी मुबारकबी होती. शेजारच्या गल्लीत राहायची, रमजानचे रोजे धरायची आणि पंचमीला नवं लुगडं नेसून फेरात सगळ्यांच्या आधी उभी असायची. सगळी गाणी मला तिनं दिली. सगळ्यात मोठं गाणं पाटलाच्या सुनेचं, ते तर तिनं मला तीन पंचम्या घोकवून घेतलं.

गाण्यातली गोष्ट अशी. पाटलाच्या सुनेला पंचमीसाठी माहेरी न्यायला तिचा भाऊ येतो. घरात कुणी नसतं. सून त्याला भाकरी वाढते, दोघं ओसरीवर बसून रडतात-हसतात, आणि 'तुला चुडा घेऊन येतो, उद्या जाऊ' म्हणून भाऊ बाजाराच्या गावाला जातो. पाणवठ्यावर चाललेल्या एका बाईला ओसरीत कुणीतरी पुरुष बसलेला दिसतो. तोंड दिसत नाही. ती पाणवठ्यावर सहज बोलून जाते, आणि तिथल्या सात जणी त्या बोलण्यात एकेक शब्द घालत जातात:

पयली म्हनं, दिसली सावली, दुसरी म्हनं, हुता गडी
तिसरी म्हनं, हात धरून बसली हुती दोन घडी
चवथी म्हनं, रोजच येतो, पाचवी म्हनं, मला ठावं
सहावी म्हनं, आता त्याचं घेऊ नगा गं नाव
सातवी काई न्हाई बोलली, घागर ठेवली खाली
शेतामंदी नवऱ्याला जाऊन सांगून आली

नवरा बायकोला काही विचारत नाही. तिन्हीसांजेला तिला विहिरीवर पाठवतो आणि मागोमाग जातो. दुसऱ्या दिवशी भाऊ येतो:

परका म्हनली सारी ज्याला, पाठचा भाऊ हुता
हिरवा चुडा घेऊन हाती दारी उभा हुता

एवढं रडवणारं गाणं, पण त्यात आमची हसायची एक जागा होती. पाणवठ्यावरच्या सात जणींना पुढचीनं फेरातल्या बायकांची नावं द्यायची. पहिली म्हणताना भीमाचं नाव घेतलं की भीमानं मध्ये येऊन एक गिरकी घ्यायची. सगळ्या हसायच्या. आपलं नाव गाण्यात आलं म्हणून तिलाही वर्षभर पुरेल एवढा आनंद व्हायचा. नाही घेतलं तर बायका रुसायच्या माझ्यावर.

मुबारकबीनं मला तेव्हाच बजावलं होतं, "सात जनींना खुशाल नावं दे. पर सुनंची जागा रिकामी ठेव. तिथं जिवंत बाईचं नाव घालायचं न्हाई कदी."

मी विचारलं होतं, "का गं?"

"कारन गानं संपल्यावर बाकीच्या घरी जात्यात. ती एकटी विहिरीत ऱ्हाती."

तेव्हा मी वीस वर्षांची होते. मला ते फार आवडलं, फार लक्षात राहिलं, आणि कळलं काहीच नाही.

मोनिका आमच्या गावात सून म्हणून आली ती राजूरच्या बाजूनं, डोंगरातून. तिचा मामा इकडं साखर कारखान्यात कामाला होता, त्यानं सोयरीक जुळवली. सुनीलचं घर माझ्या घरासमोर, मध्ये फक्त रस्ता आणि त्यांच्या दारातला कडुनिंब. एकोणीस वर्षांची पोर, आमच्या सपाट रानात आली तेव्हा बावरून गेली होती. "आत्या, इकडं बघायला कायच न्हाई, नजर पळतच ऱ्हाती," म्हणायची. दुपारी मी डाळ निवडत बसले की समोर येऊन बसायची आणि म्हणायची, गाणं सांगा. मी सांगायची. एकदा ऐकलं की तिचं पाठ. आवाज तर असा मोकळा, की डोंगरावरून पलीकडच्या डोंगराला हाक मारायची सवय असलेल्या माणसाचाच तसा असतो. तिची मुलगी संस्कृती माझ्या अंगणवाडीतली शेवटची बॅच. माझ्या मांडीवर झोपलेली पोर आहे ती. मला मूल झालं नाही. मोनिका मला कोण होती ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, तिलाही नाही. सांगायला हवं होतं.

तीनेक वर्षांपूर्वी श्रीगोंद्याहून ज्ञानेश्वर नावाचा एक माणूस माझ्याकडं आला होता. वाचनालयात कामाला, खांद्याला कापडी पिशवी, एसटीनं आलेला. म्हणाला, तुमची गाणी लिहून घेतो, छापून पुस्तक करू. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. "गाणी कागदावर पाळायची नसतात," म्हणाले, "उद्या मला पण कपाटात ठेवशील." तो तोंड पाडून गेला. मोनिका तेव्हा तिथंच बसली होती. नंतर मला म्हणाली, "आत्या, तुमच्यामागं ही गानी कुठं जायची?" मी तिच्यावर पण खेकसले. पुन्हा हा विषय माझ्यापुढं काढशील तर बघ, असंही म्हणाले.

गेल्या वर्षी, पंचमीच्या महिना-दीड महिना आधी, मला समोरच्या निंबाखाली एक पांढरी स्कुटी दिसायला लागली. आठवड्यातून एकदा, दुपारी. सुनील टेम्पो ट्रॅव्हलरवर ड्रायव्हर, शिंगणापूरच्या भाविकांच्या ट्रिपा करतो, त्यामुळे दिवसा घरी नसतो. सासू रानात, संस्कृती शाळेत. स्कुटीवरून हेल्मेट घातलेला कुणीतरी उतरायचा, आत जायचा, आणि दार लागायचं. तासाभरानं उघडायचं. मी खिडकीतून तीन वेळा पाहिलं. तोंड एकदाही पाहिलं नाही.

रस्ता ओलांडून विचारायला मला किती पावलं लागली असती? मोजली आहेत मी नंतर. एकवीस.

मी विचारलं नाही, कारण मला राग आला होता. मोनिका आपल्यापासून काही लपवते, याचा राग. काय लपवते याच्याशी मला घेणं नव्हतं. शपथेवर सांगते, वाईट काही आहे असं मनातही आलं नव्हतं. फक्त टोचत होतं.

मग पंचमी आली. निंबांना झोके बांधले होते. फेर धरायच्या आधी बायकांनी मोनिकाला झोक्यावरची गाणी म्हणायला लावली. ती उभी राहून गायली आणि देवळापुढं रस्त्यानं चाललेली माणसंसुद्धा थांबली. भीमा माझ्याकडं वळून म्हणाली, "आत्या, आता तू बस बाई निवांत. पुढची झाली तयार." सगळ्या हसल्या. मी पण हसले. आणि ते हसणं घेऊन फेरात उतरले.

मोनिका माझ्या डाव्या हाताला होती. तिचा हात माझ्या हातात. पाटलाच्या सुनेचं गाणं लागलं. त्यातली भावाच्या येण्याची ओळ अशी आहे:

पंचमीचा सण आला, बंधू न्यायाला आला
बैलजोडी निंबाखाली, भाऊ ओसरीत गेला

तिथं मला ते सुचलं. गाताना सुचतं तेव्हा आधी तोंडातून बाहेर येतं आणि मग कळतं, हे गाणाऱ्या बाईला सांगायला नको. मी म्हणाले:

पंचमीचा सण आला, पाव्हना कोन गं आला
पांढरी स्कुटी निंबाखाली, दार लावून आत गेला

एक क्षण कुणी ओळ उचललीच नाही. मग हशा फुटला. म्हणजे ती स्कुटी पाहिलेली मी एकटी नव्हते. गल्लीतल्या प्रत्येकीनं पाहिली होती आणि प्रत्येकीनं पोटात ठेवली होती. सगळ्यांच्या माना मोनिकाकडं वळल्या आणि मग सगळ्यांनी ती ओळ उचलली. काय उचलली! असा आवाज आमच्या फेराला कधी लागला नव्हता. फेर रंगला की पुढची तीच ओळ पुन्हा घेते. मी पुन्हा घेतली. तीन वेळा घेतली.

मोनिकाचा हात गार पडला होता. पण तिनं तो सोडवून घेतला नाही. गाणं संपेपर्यंत, सून विहिरीत जाईपर्यंत आणि चुडा दारात येईपर्यंत, ती माझा हात धरून फेरात चालत राहिली. संपल्यावर घरी गेली. मला वाटलं, रुसली. उद्या कानवले घेऊन जाईन, जवळ घेईन, खो-खो हसेल.

मुबारकबीची नात अलिझा अकरावीला आहे. आजीची आठवण म्हणून ती दरवर्षी फेराचा व्हिडिओ काढते. तिनं तो स्टेटसला ठेवला. पोरीचा काय दोष. तिला आत्याची नवी ओळ आवडली, इतकंच. तिथून तो कुणीकुणी उचलला. तिसऱ्या दिवशी शनिवार होता, शिंगणापूरच्या पार्किंगमधल्या टपरीवर पाच-सात ड्रायव्हर चहा पीत होते. एकानं मोबाईल पुढं केला आणि म्हणाला, "सुनील, ह्यो तुमच्याच गावचा फेर ना? कुनाच्या दारातली रं ही स्कुटी?" व्हिडिओत मागं निंब होता, पुढं मी होते, आणि सगळ्यांच्या नजरा जिथं वळल्या होत्या तिथं सुनीलची बायको होती.

घरात काय झालं ते मला कळलं नाही. आरडाओरडा झाला नाही. समोरच राहते, ऐकू आला असता. राखीपुनवेला सुनील मोनिकाला माहेरी सोडायला गेला. संस्कृतीची शाळा बुडायला नको म्हणून तिला आजीकडं ठेवलं. जाताना मोनिकानं माझ्या घराकडं पाहिलं. मी दारात होते. हात वर केला मी. तिनंही केला.

ती चार दिवसांत यायची होती. गौरी आल्या, गेल्या. घटस्थापना झाली. सुनील तिला आणायला गेलाच नाही. आमच्याकडं बायकोला टाकतात ते असंच. भांडण नाही, कागद नाही, कोर्ट नाही. माहेरी सोडायचं आणि आणायला जायचं नाही. विचारणाऱ्याला सांगायचं, येईल की.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी रस्ता ओलांडला. सुनील ओट्यावर बसून बूट पुसत होता. हा पण माझ्या अंगणवाडीतला, पहिल्या बॅचचा. खिचडीतले शेंगदाणे वेचून आधी खायचा.

"सुनील, मी गमतीनं म्हनले रं," मी म्हणाले. "नाव बी नव्हतं घातलं."

"ठावं हाय मला."

"मग पोरीला घेऊन ये."

तो बूट पुसत राहिला. मग म्हणाला, "आत्या, तुला ठावं हाय का त्यो स्कुटीवाला कोन हुता?"

मला नव्हतं ठाऊक.

"ज्ञानेश्वर म्हनून हाय, वाचनालयात. तुझीच गानी लिहायला येत हुता. तू त्याला हाकललंस, मग हिनं बोलावला. ही म्हनायची, त्यो रेकॉर्ड करायचा, मग ही वहीत उतरवायची. शेजारी गिरनी चालू असती, रेकॉर्डिंगला आवाज नगं म्हनून दार लावायची. तुला कळलं तर तू कावशील म्हनून कुनालाच सांगितलं न्हाई. पुस्तक झालं की आत्याच्या हातात ठेवीन, म्हनत हुती."

मी ओट्याच्या पायरीवर बसले.

"मग तुला समदं ठावं हाय तर..." मी कसंबसं म्हणाले.

"मला ठावं हाय. त्यो मानूस बी येऊन सांगून गेला. पर मला एकट्याला ठावं असून काय उपेग? गाव हसलं न्हाई का? शिंगनापुरात घरांना दारं न्हाईत, आन् मी तिथं उभा ऱ्हाऊन लोकांकडनं ऐकतो की माझ्या घराचं दार भर दुपारी लावलेलं असतं. मी तोंड उघडलं की समोरचा हसतो, आत्या. मी काय बी बोलू दे, त्याला ती ओळच आठवती."

"मी सांगते समद्यांना."

"एकेकाला गाठून सांगनार? सांग की." आणि बूट घालून तो निघून गेला.

मी सांगितलं. गिरणीत सांगितलं, बचत गटात सांगितलं, देवळात सांगितलं. बायका मान हलवायच्या, अगंबाई म्हणायच्या, आणि मी वळले की मागं कुणीतरी हलक्या आवाजात ती चाल गुणगुणायचं. गाणं चांगलं झालं होतं ना. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं.

दिवाळी झाल्यावर मी राजूरला गेले. नगर, संगमनेर, अकोले, चार गाड्या बदलल्या. बाजाराचा दिवस होता. डोंगरातली माणसं उतरली होती. मोनिका भावाशेजारी नव्या तांदळाची पोती मांडून बसली होती. वाळली होती. मला पाहून उठली, पाया पडली. भर बाजारात पाया पडली माझ्या.

"संस्कृतीचा पुढचा दात पडला का?" पहिलं हेच विचारलं तिनं.

"पडला. दुसरा हलतोय."

"केसाला तेल कोन लावतं?"

"मी लावते. रोज सकाळी."

"कानामागं लावा आत्या, तिथं कोरडं पडतं तिचं." आणि मग ती तांदळात हात घालून बसली, बराच वेळ. गिऱ्हाईक आलं, तिच्या भावानं बघितलं.

मी म्हणाले, "मोनिका, मला माफ कर बाई. मी आंधळी झाले हुते."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मी माफ केलं तर हितं बाजारात केलं, आत्या. कुनाला ऐकू जानार? तुमी म्हनला ते समद्यांनी ऐकलंय."

मग पिशवीतून एक वही काढून तिनं माझ्या हातात दिली. दोनशे पानी वही, तिच्या गोल अक्षरात भरलेली. ज्ञानेश्वरनं छापण्यासाठी नक्कल नेली होती, पण आता तो छापायला घाबरत होता. मी पाटलाच्या सुनेचं गाणं काढलं. ओळन् ओळ बरोबर होती. बैलजोडी निंबाखाली होती. सात जणींच्या जागी मोनिकानं रेघा मारून ठेवल्या होत्या, आणि शेवटी खाली लिहिलं होतं: 'सात जणींना नावे द्यावीत. सुनेची जागा रिकामी ठेवावी. तिथे जिवंत बाईचे नाव कधी घालू नये. आत्याने सांगितलेले.'

मी तिथं, तांदळाच्या पोत्याला टेकून, लहान पोरीसारखी रडले. लोक बघत होते. बघू देत.

मोनिका म्हणाली, "जिथं म्हनला तिथंच म्हना आत्या. पंचमीला. समद्यांम्होरं हे असं म्हना, जसं हाय तसं. त्यांना येऊ द्या ऐकायला." त्यांना म्हणजे सुनीलला. एवढं होऊनही ती त्याचं नाव घेत नव्हती.

परत आल्यावर मी सुनीलला निरोप सांगितला. मोनिका नसलेलं घर त्यालाही खायला उठत होतं, ते मला समोरून रोज दिसत होतं. तो म्हणाला, "म्हन. गाव गप बसलं तर दुसऱ्या दिवशी गाडी काढतो राजूरला."

आठ महिने मी त्या एका दुपारची वाट पाहिली. रोज सकाळी संस्कृतीच्या कानामागं तेल लावताना मनात ओळी घोकत राहिले. मुबारकबीनं शिकवल्या तशा, वहीत होत्या तशा, एक शब्द इकडचा तिकडं न करता. ही चाळीस वर्षं म्हटलेली ओळ, पण मला धास्ती वाटत होती. वर्षभर मी कुठंच गायले नव्हते.

परवा पंचमी झाली. मी फेराच्या आधी हात जोडून सगळं सांगितलं. ज्ञानेश्वर कोण, दार का लागायचं, मी कशी बोलून बसले, सगळं. बायका गप्प होत्या. भीमाच्या डोळ्यांत पाणी होतं. सुनील देवळाच्या खांबाशी उभा होता, गाडीची किल्ली बोटांत फिरवत. फेर धरल्यावर झोक्यांवरच्या पोरी धावत आल्या आणि आमच्या फेराच्या आत त्यांचा लहान फेर झाला, त्यात संस्कृती होती. पुढचे दोन दात नवे आलेले, शेजारचा पडलेला, नवा परकर, आणि माझ्या हातची घट्ट वेणी.

मी सुरू केलं. आवाज लागला.

पंचमीचा सण आला, बंधू न्यायाला आला
बैलजोडी निंबाखाली...

"आत्या, चुकलं!"

आतल्या फेरातून आवाज आला. संस्कृतीचा. आईचाच आवाज, तसाच मोकळा, डोंगरापार जाणारा. तिनं दोन्ही हात वर करून मला थांबवलं आणि सगळ्या पोरींना घेऊन, ठेक्यात, टाळ्या वाजवत म्हटलं:

पंचमीचा सण आला, पाव्हना कोन गं आला
पांढरी स्कुटी निंबाखाली, दार लावून आत गेला

वर्षभर पोरी हेच म्हणत होत्या. शाळेत, झोक्यावर, मोबाईलवर. त्यांच्यासाठी गाणं हेच होतं. बैलजोडी त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. आणि मग कुणीतरी हसलं. एकच जण हसलं आधी. मग दुसरी. तोंडाला पदर लावला तरी हसू ऐकू येतंच. मोठ्या बायका नको नको म्हणत होत्या आणि हसत होत्या.

मी खांबाकडं पाहिलं. सुनील तिथं नव्हता. देवळामागं टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, मग तो आवाज शिंगणापूरच्या रस्त्याला लागला. राजूरला गाडीनं जायचा जवळचा रस्ता उलट्या बाजूला आहे.

फेर मोडला नाही. पोरी थांबतात थोड्याच. मी मात्र हात सोडून पारावर जाऊन बसले. थोड्या वेळानं संस्कृती धावत आली, घामेजलेली, आणि माझ्या मांडीवर येऊन बसली.

"आत्या, तू इसरलीस व्हय? मला समदं येतंय. आईला बी म्हनून दावनार हाय मी, ती आली की."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"आत्या," ती म्हणाली, "पानवठ्यावरच्या बायांना नावं असत्यात. मग त्या सुनंचं नाव काय?"

"तिला नाव न्हाई, बाळा."

तिनं विचार केला. दात पडलेल्या जागेत जीभ घातली.

"मग तिच्या पोरीनं तिला हाक कशी मारायची?"